रोजच्या वापराला खिशातला कॅमेरा हवा आहे, मागाच्या शेडमध्ये चालेल असा

ताणाबाणा (सोलापूर)

नमस्कार मंडळी. छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचा आहे. आधी दोन-चार ओळखीच्यांना विचारून झालं, पण सगळे बजेट विचारतात, मेगापिक्सेल विचारतात, एखादं मॉडेल सांगतात आणि विषय संपतो. म्हणून मला काय काढायचंय तेच आधी नीट सांगते.

आमचं घर साखर पेठेत. खाली वडिलांचे यंत्रमाग, वर आम्ही राहतो. चादरीचे माग, जकार्डवर चालणारे, म्हणजे वर भोकांचे पत्ते सरकतात आणि त्यावरून नक्षी विणली जाते. दिवाळीनंतर ते बंद करायचं घरात ठरलंय. वडिलांच्याने आता पाळीभर उभं राहवत नाही, भाऊ पुण्यात नोकरीला, आणि सुताचा भाव कुठं आणि चादरीचा कुठं हे सोलापूरकरांना सांगायला नको. ज्यानं माग घ्यायचं कबूल केलंय तो ते चालवायला नेत नाहीये, किलोवर नेणार आहे. तोवर शेडमध्ये रोज जे चालतं त्याचे फोटो मला हवेत. एक दिवस फोटोग्राफर बोलावून, सगळ्यांना नवे कपडे घालून काढलेले नकोत. आई कांड्या भरत बसते ती, वडील तुटलेला धागा शोधून गाठ मारतात ती, वर जकार्डचे पत्ते एकामागून एक सरकतात ते. भिंतीवर खिळ्याला नक्षीचे जुने ग्राफ लटकलेत, कडा पिवळ्या पडलेले, त्यावर वडिलांच्या हातचे पेन्सिलीचे आकडे आहेत. तेही एकेक करून काढायचेत.

मोबाईलवर काढून पाहिले. माणूस स्थिर असला तर बरे येतात. पण गाठ मारताना बोटं हलतात, तिथं नुसता पुसट डाग येतो. आमच्या चादरीचा लाल रंग कधी केशरीकडे जातो, कधी गुलाबीकडे, त्याच मागावर त्याच दिवशी. आणि सगळ्यात जास्त खटकलं ते वडिलांच्या कपाळाचं. त्यांच्या कपाळाला आठ्या आहेत, भुवयांवर कापसाचं तूस बसलेलं असतं. मोबाईल ते सगळं साफ करून टाकतो. ब्युटी वगैरे सगळं बंद करून पाहिलं तरी तेच.

दुसरं म्हणजे मी पतसंस्थेत नोकरी करते. मोबाईल हातात घेतला की कुणाचा तरी हप्त्याचा फोन किंवा मेसेज आलेलाच असतो. फोटो काढायला मला फोन नसलेली वस्तू हवी आहे.

मोठा कॅमेराही नको. मावसभावाचा डीएसएलआर आणला होता. तो दिसला की वडील शर्टाचं वरचं बटण लावून ताठ उभे राहतात. पर्समध्ये मावेल, एका हाताने चालू होईल, काढला तरी कुणाचं लक्ष जाणार नाही असाच पाहिजे.

बजेट ३०,००० रुपये, फार तर ३५,०००. वापरलेला चालेल. नवी पेठेत एका दुकानात विचारलं तर त्यांनी ४० पट झूमवाला पुढे केला. झूम मला लागेल का? माग बंद झाल्यावर कॅमेरा घरात राहीलच. मुलीची शाळा, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा, रोजचं घर, त्यालाही चालायला हवा. मदत करा.


पार्कचौक

ताई, कशाला एवढे पैसे घालवलालाव? ३५ हजारांत चांगला मोबाईल येतो, नाईट मोड असतो. फोटो लगेच भावाला पाठवता येतात. कॅमेऱ्यातून कार्ड काढा, कॉम्प्युटरला लावा, हे रोज कोण करणार? माझा कॅमेरा कपाटात आहे, तुम्ही पण विचार करा.


माळरान

मी झूमवाल्यांच्या बाजूने लिहितो, कारण रोज पहाटे कंबर तलावावर जातो आणि छोट्या कॅमेऱ्यातच काम भागवतो. माझ्याकडे कॅननचा पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस आहे. २४ ते ९६० मिमी एवढा झूम (मिमीचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) आणि कॅमेरा पँटच्या खिशात. काठावरून पाणकावळ्याच्या डोळ्याचा हिरवा रंग दिसतो. उजनीला रोहित पक्षी बघायला गेलो तेव्हा होडीतल्या लोकांचे मोबाईल खिशात गेले आणि हा चालू राहिला. गड्ड्याला गर्दीत पुढे जाता येत नाही, लांबून नंदीध्वजाचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठीचा, शेंडा काढायचा तर झूम लागतोच.

पण खरं सांगतो, सूर्य वर असेल तरच. सकाळी उजाडायच्या आधी तो काहीच देत नाही, मी वाट बघत बसतो. तुमच्या शेडमध्ये किती उजेड आहे त्यावर सगळं आहे.


बाळीवेस स्टुडिओ

ताई, बाळीवेशीत माझा बरीच वर्षं स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्ट, शिवाय चादरीच्या कारखानदारांचे कॅटलॉग. तेव्हा तुमच्या शेडचा उजेड मला न बघता ओळखीचा आहे. जरा लांब लिहितो, कारण तुम्ही प्रश्न चांगला विचारलाय आणि वेळ दिवाळीपर्यंतच आहे.

४० पट झूम तुमच्या कामाचा नाही. शेडमध्ये तुम्ही वडिलांपासून चार-पाच हातांवर उभ्या असणार. तिथं लांब बघायचं नाहीये, कमी उजेडात हलता हात पकडायचाय. त्याला दोन गोष्टी लागतात, मोठा सेन्सर (आतला फोटो उमटतो तो तुकडा) आणि उजेड जास्त घेणारी लेन्स. मेगापिक्सेल सगळ्यांना वीसच्या आसपास असतात, ते बघूच नका.

झूमवाल्या छोट्या कॅमेऱ्यांत बहुतेक १/२.३ इंची सेन्सर असतो, म्हणजे सुमारे ६.१७ × ४.५५ मिमी. एक इंची म्हणतात तो १३.२ × ८.८ मिमी. क्षेत्रफळ चौपट. लेन्सचं गणित वेगळं. एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स उजेड जास्त घेते. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, आणि शटर १/२०० म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागात फोटो. ट्यूबच्या साध्या उजेडात, आयएसओ १६०० ठेवला, तर एफ/१.८ च्या लेन्सला शटर साधारण १/२०० मिळतो. त्याच जागी एफ/४ ची लेन्स असली तर १/४०. आता १/४० ला गाठ मारणारी बोटं पुसली जातात, मोबाईलवर दिसला तसाच डाग. १/२०० ला बोट वेगळं, नख वेगळं, धागा वेगळा. एसएक्स७४० चांगला कॅमेरा आहे, पण त्याची लेन्स सुरुवातीलाच एफ/३.३ ची आणि झूम केला की एफ/६.९ पर्यंत जाते. पाणकावळ्याला उन्हात चालतं, तुमच्या शेडमध्ये नाही.

स्टॅबिलायझर आहे म्हणून कुणी कॅमेरा गळ्यात मारत असेल तर सांभाळा. तो फक्त आपल्या हाताची थरथर सावरतो. समोरचा हात हलतोय त्याला तो काही करू शकत नाही. तुमच्या शेडची फरशी मागाबरोबर हादरते, तेवढ्यापुरता उपयोग आहे.

धोट्याच्या, म्हणजे बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो त्याच्या, मागे लागू नका. चालू मागाचा धोटा थांबवायचा तर १/२००० सारखा शटर लागेल आणि तेवढा उजेड तिथं येणार नाही. येऊ दे पुसट. धोटा पुसट आणि वडिलांचा चेहरा स्पष्ट, असा फोटो आला की माग चालू होता हे बघणाऱ्याला कळतं. मी कॅटलॉगवाल्यांना हेच सांगायचो, पण त्यांना सगळं थांबलेलं हवं असायचं.

नाईट मोडचं बोलले कुणीतरी. तो अनेक फ्रेम एकावर एक रचतो. देवळाच्या कळसाला फार छान, हलत्या हाताला निरुपयोगी. शिवाय मोबाईलची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीची असते. माणसाच्या जवळ नेली की नाक मोठं, कान मागे. आईचा चेहरा काढायचा तर ७० ते १०० मिमीवरून काढा, चेहरा जसा आहे तसा येतो.

तुमच्या बजेटमध्ये वापरलेला एक इंची घ्या. तीन नावं डोक्यात ठेवा.

सोनी आरएक्स१००, पहिला, २०१२ चा. २४० ग्रॅम, खिशाला कळतही नाही. २८ ते १०० मिमी. एफ/१.८ फक्त झूम न करता मिळतो, १०० ला गेलात की एफ/४.९. म्हणजे आईच्या चेहऱ्याला उजेड कमी पडणार. स्क्रीन हलत नाही.

सोनी आरएक्स१०० मार्क ३, २०१४ चा. २४ ते ७० मिमी, एफ/१.८ ते २.८. यात वर सरकून येणारा छोटा व्ह्यूफाइंडर आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी सोलापुरात कुठलीही स्क्रीन दिसत नाही, तिथं डोळा लावून बघता येतं. मला हा आवडतो.

कॅनन जी७ एक्स मार्क २, २०१६ चा. २४ ते १०० मिमी, एफ/१.८ ते २.८. म्हणजे १०० मिमीला पहिल्या आरएक्स१०० च्या तिप्पट उजेड. स्क्रीन वर उचलता येते, बोटाने फोकस करता येतो. व्ह्यूफाइंडर नाही. वजन ३१९ ग्रॅम. बॅटरी जरा लवकर बसते, कंपनीच्या मोजणीत २६५ फोटो, मार्क ३ सोनीचे ३२०.

रिको जीआर ३ कुणी सुचवेल. सेन्सर याहून मोठा, कॅमेरा अप्रतिम. पण तुमच्या बजेटबाहेर, झूम नाही आणि फ्लॅशही नाही. सोडा.

घ्यायच्या आधी एक करा. तुमच्या मोबाईलला प्रो मोड असेल. आयएसओ १६०० लावा, शटर ऑटोवर सोडा, शेडमध्ये जिथं जिथं फोटो काढणार तिथं धरून किती शटर दाखवतो ते लिहून आणा. बहुतेक मोबाईलची लेन्स एफ/१.८ च्या आसपास असते, त्यामुळे अंदाज बरोबर येईल. मग पुढचं बोलू.


ताणाबाणा

इतकं मनापासून कुणी लिहिलं नव्हतं. खूप आभारी आहे.

आज सुट्टी होती, मोजून आले. मोबाईलची लेन्स एफ/१.८ चीच आहे. दारापाशी, जिथं आई कांड्या भरते, तिथं १/४०० दाखवतो. पहिल्या मागापाशी १/१६०. सगळ्यात आतल्या मागापाशी, जिथं ट्यूब एकच आहे आणि ती पण तुसाने माखलेली, तिथं १/५०. वडील जास्त वेळ आतल्याच मागावर असतात, कारण तो माग रुसतो.

पार्कचौक, तुमचं म्हणणं कळतंय. पण कार्ड काढून कॉम्प्युटरला लावायला मला आवडेल. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही सगळे बसून ते बघू. मोबाईलवरचे फोटो आमच्याकडे कुणी परत बघत नाही.

स्टुडिओकाका, तीन प्रश्न. आतल्या मागाचं काय करू? तुसाचा कॅमेऱ्याला त्रास होईल का? आणि मागाचा आवाजही रेकॉर्ड करायचा आहे, तो छोट्या कॅमेऱ्यात नीट येईल का?


कार्डहोल्डर

माझ्याकडे पहिला आरएक्स१०० आहे म्हणून तुसाचं मी सांगतो. माझे मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, तिथं कॅमेरा नेतो. तूस लेन्सच्या काचेवर बसतं ते काही नाही, फुंकणीने उडतं. त्रास होतो तो लेन्स आत-बाहेर होते त्या फटीत. चालू-बंद केलं की लेन्सची नळी सरकते आणि फटीवर बसलेलं तूस आत ओढलं जातं. एकदा आत गेलं की फोटोत आकाशात किंवा पांढऱ्या भिंतीवर करडे ठिपके दिसतात आणि ते साफ करायला कॅमेरा उघडावा लागतो.

म्हणून शेडमध्ये गेलात की एकदाच चालू करा आणि काम होईपर्यंत बंद करू नका. सेटिंगमध्ये आपोआप बंद व्हायची वेळ वाढवून ठेवा. झूम सारखा पुढे-मागे करू नका. बाहेर आल्यावर बंद करायच्या आधी नळीभोवती फुंकणी मारा. औषधाच्या दुकानात रबरी फुगा मिळतो तोही चालतो. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे काचेवर वाळतात. पर्समध्ये ठेवताना चेनची प्लास्टिक पिशवी.

आणि ताई, वापरलेला घ्यायच्या फंदात फार जुना सीसीडीवाला (जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा) कॅमेरा घेऊ नका. सध्या पोरं ते शोधत फिरतात. रंग छान येतात हे खरं, उन्हात. पण काहींना एक्सडी कार्ड लागतं, जुन्या ऑलिंपस आणि फुजीला. ते कार्ड आता शोधत बसावं लागतं. काही एवढे जुने की २ जीबीपेक्षा मोठं कार्ड ओळखत नाहीत. आणि शेडमध्ये आयएसओ ४०० ला फोटोत वाळू पसरल्यासारखं दिसेल.


बाळीवेस स्टुडिओ

कार्डहोल्डरनी तुसाचं अगदी बरोबर सांगितलं, मी त्यात भर घालत नाही.

आतला माग. पहिलं काम, ट्यूब पुसा. हसू नका, तुसाने माखलेली ट्यूब पुसली की उजेडात फरक तुम्हाला डोळ्यांनीच दिसेल. आणि तिथं एक एलईडी पट्टी लावा, चांगल्या कंपनीची. स्वस्तातली लुकलुकते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. नव्या कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर असतो, तो वापरला तर फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. आरएक्स१०० मार्क ४ पासून पुढच्या सोनीत तो आहे, तिथं शटर मेकॅनिकलवर ठेवायचा. मार्क ३ ला मेकॅनिकलच आहे, पट्ट्यांचा प्रश्न नाही. तरी एका फोटोत उजेड जरा जास्त, दुसऱ्यात जरा कमी असं होईल. म्हणून एकाच क्षणाचे तीन-चार काढत जा.

तरीही १/१०० च्या खाली जावं लागलं तर आयएसओ ३२०० करा. दाणे दिसतील, दिसू द्या. दाणे असलेला स्पष्ट फोटो चालतो, पुसट फोटो मात्र नंतर काही केल्या सुधारत नाही. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने हात न लावलेल्या मूळ फाइलमध्ये काढा म्हणजे वडिलांच्या आठ्या कॅमेरा परस्पर पुसणार नाही. मी सांगितलेल्या तिन्ही कॅमेऱ्यांत रॉ आहे. झूमवाल्या एसएक्स७४० मध्ये नाही.

फ्लॅश मारू नका. समोरचं तूस पांढऱ्या ठिपक्यांनी भरेल आणि वडील दचकतील. चालू मागावर दचकणं बरं नव्हे.

रंगाचं सांगतो, कारण चादरीच्या लालावर मी फार डोकं घातलंय. दाराशी बाहेरचा उजेड आणि आत ट्यूब, दोन्ही एकाच वेळी पडले की कुठलाही कॅमेरा गोंधळतो. एक काहीतरी बंद करा. दाराशी काढताना ट्यूब बंद, आत काढताना दार लोटून घ्या. मग त्याच जागी कोरा पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे त्या उजेडात पांढरं कसं दिसतं ते कॅमेऱ्याला दाखवा. मेन्यूत असतो, एका मिनिटाचं काम आहे. एवढ्यावर लाल जागेवर येईल. तरी गडद लाल सपाट दिसला, नक्षीतले धागे दिसेनासे झाले, तर उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) -०.७ करा. लाल रंग कॅमेऱ्यात सगळ्यात आधी भरून सांडतो, थोडा अंधार दिला की वीण परत दिसते. गड्ड्याला याच्या उलट. तिथं सगळे पांढऱ्या बाराबंदीत असतात, एवढं पांढरं बघून कॅमेरा फोटो काळपट करतो. तिथं +०.७.

ग्राफ काढताना भिंतीवरून उतरवून खिडकीशी आणा, ऊन थेट पडू देऊ नका. झूम ७० मिमीला, एफ/५.६, कॅमेरा कागदाला समांतर. रुंद लेन्सने जवळून काढलेत तर चौकोन कडेला वाकतात, आणि ग्राफचा चौकोन वाकला की नक्षी मोजता येत नाही.

आवाजाचं मात्र या कॅमेऱ्यांवर सोपवू नका. मार्क ३ सोनी आणि जी७ एक्स मार्क २, दोघांनाही बाहेरचा माइक जोडायची सोय नाही. आत चालू मागांजवळ आवाज फाटेल. दाराबाहेर अंगणात उभं राहून रेकॉर्ड करा, तिथून तो तुम्हाला वरच्या मजल्यावर ऐकू येतो तसा येईल.


माळरान

स्टुडिओकाकांचं पटलं. पक्ष्यांसाठी माझा आणि शेडसाठी त्यांचा. मध्यम मार्ग हवा असेल तर पॅनासॉनिक टीझेड१०० बघा, एक इंची सेन्सर आणि २५ ते २५० मिमी झूम. पण लेन्स एफ/२.८ पासून सुरू होते, आतल्या मागापाशी कमी पडेल असं तुमच्या आकड्यांवरून वाटतंय.


ताणाबाणा

टीझेड१०० चा विचार केला. १/५० वाल्या जागी तो १/२० वर जाईल, म्हणजे नाहीच. झूम मनातून काढून टाकला.

भावाला सांगितलं. त्याने पुण्यात दोन ठिकाणी बघून ठेवलंय, एक आरएक्स१०० मार्क ३ आणि एक जी७ एक्स मार्क २, दोन्ही बजेटमध्ये. शनिवारी सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने जाते आणि रात्री त्याच गाडीने परत. बघताना काय तपासायचं? आणि दोन्ही ठीक निघाले तर कोणता?


बाळीवेस स्टुडिओ

स्वतःचं कार्ड आणि मोबाईल बरोबर न्या.

कॅमेरा चालू-बंद करून लेन्सचा आवाज ऐका. करकर नको, अडखळणं नको. झूम पूर्ण बाहेर, पूर्ण आत. लेन्स बाहेर असताना मोबाईलचा टॉर्च तिरका धरून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, तिथून उठा. आपलं सोलापूर कोरडं, इथल्या कॅमेऱ्याला धुळीचा त्रास. कोकणातून, मुंबईतून आलेल्याला बुरशीचा. आधीचा मालक कुठला होता ते विचारा. मग पांढऱ्या भिंतीचा एफ/११ वर फोटो काढून स्क्रीनवर मोठा करून चारही कोपरे बघा, करडे ठिपके म्हणजे आत धूळ आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो एफ/१.८ ला काढा, एका बाजूची अक्षरं स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूची धूसर असली तर कॅमेरा कधीतरी आपटलाय. फ्लॅश उघडतो का, मिटतो का. सोनीचा व्ह्यूफाइंडर वर करून, बाहेर ओढून डोळा लावून बघा, तो नाजूक असतो. प्रत्येक बटण दाबा. बिल मागा आणि बिलावरचा नंबर कॅमेऱ्याच्या खालच्या नंबराशी जुळवा. बिल नसेल तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

बॅटरी जुनी असणार असं धरूनच चला. सोनीला एनपी-बीएक्स१ लागते, कॅननला एनबी-१३एल. एक नवी घ्याच.

कोणता म्हणाल तर दोन्ही हातात धरून बघा. तुमचं मुख्य काम शेडमध्ये. स्क्रीन वर उचलून कमरेशी धरून काढलात तर वडिलांना तुम्ही फोटो काढताय हे फारसं कळणार नाही, हे दोन्हींत जमतं. आईचा चेहरा १०० मिमीला हवा असेल तर कॅनन. बाहेर उन्हात जास्त फिरणार असाल, वजन कमी हवं असेल तर सोनी. माझं मत विचारलंत म्हणून सांगतो, तुमच्या जागी मी कॅनन घेईन, कारण शेड दिवाळीनंतर नसेल आणि ऊन पुढच्या वर्षीही असेल.


ताणाबाणा

कॅनन घेतला. सोनीच्या लेन्सला करकर होती, त्यामुळे निवडायचा प्रश्नच आला नाही. कॅननचं बिल होतं, नंबर जुळला, भिंतीच्या फोटोत ठिपका नाही.

ट्यूब पुसली, एलईडी पट्टी लावली. आतल्या मागापाशी आता एफ/१.८, आयएसओ १६०० ला १/१२५ मिळतो. कमरेशी धरून वडिलांचा गाठ मारतानाचा फोटो काढला. अंगठा आणि तर्जनीत धागा आहे, गाठ अजून पुरी आवळलेली नाही, अंगठ्याच्या नखाखाली निळा रंग दिसतो, त्या दिवशी निळं सूत चढवलं होतं. भुवयांवर तूस आहे. वर जकार्डचे पत्ते पुसट आलेत कारण ते हलत होते. वडिलांनी रात्री बघितला आणि म्हणाले, ती गाठ चुकीच्या टोकाला धरलीय, उद्या परत काढ, नीट दाखवतो. आता रोज स्वतःच बोलावतात.

पार्कचौक, तुमचाही कपाटातून काढा.

स्टुडिओकाका, लाल आला. -०.७ वर वीण दिसते. ग्राफ निम्मे झालेत. एकच राहिलं, गड्ड्याच्या दारूकामाचं सेटिंग सांगून ठेवा, जानेवारीत विचारायला उशीर नको.


बाळीवेस स्टुडिओ

वडिलांना नमस्कार सांगा. गाठीचे फोटो क्रमाने काढा, टोक पकडल्यापासून आवळेपर्यंत, आणि प्रत्येक फोटोला ते काय करतायत ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर लावलेली आहे ना ते बघा, वापरलेल्या कॅमेऱ्यात ती बहुधा चुकलेली असते. सगळे फोटो दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत भावाकडे पुण्यात.

दारूकामाला आयएसओ १२५, एफ/८, शटर २ ते ४ सेकंद, फोकस लांबवर नेऊन मॅन्युअल. कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. तळ्याकाठी गेलात तर वारा जिकडून येतो त्या बाजूला उभ्या राहा, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांनंतर नुसता धूरच येईल.